लढाईत भरवसा ठेवता येईल अशी तलवार कशी निवडावी?

प्रश्न: पारोळ्याच्या एका तरुणाने विचारले आहे, "काही वर्षांपासून दांडपट्टा आणि तलवार शिकतोय. भिंतीला लावायला नको, खरी तलवार हवी आहे. लढाईत उतरावे लागले असते तर निर्धास्तपणे हातात धरली असती, अशी. विकणारे कोणी 'हाय कार्बन' सांगतो, कोणी 'फुल टँग', कोणी 'दमास्कस'. मी नेमके काय बघू?"

उत्तर:

भाऊ, तुम्हाला जी तीन नावे ऐकवली त्यांतल्या एकावरही तलवारीचा भरवसा ठरत नाही. तो दोन ठिकाणी ठरतो. पात्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून, विझवून कडक कसे केले आहे, आणि पाते मुठीत कसे बसवले आहे. माझी नोकरी जळगावच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर गेली आणि संध्याकाळी मी पोरांना लाठीकाठी, पट्टा शिकवत आलो. त्यामुळे बिघडलेल्या तलवारी दोन्ही वाटांनी माझ्याकडे येतात. बहुतेक मुठीच्या तोंडाशी मोडलेल्या असतात, नाहीतर वाकून तशाच राहिलेल्या. पोलादाचे नाव चुकले म्हणून वाया गेलेली तलवार क्वचितच दिसते.

पोलाद कोणते हे जरूर विचारा, पण उत्तर ऐकून लगेच पैसे काढू नका. आपल्या देशात बनणाऱ्या कामाच्या तलवारींना पुष्कळदा ईएन ४५ वापरतात. ट्रकच्या कमानपाट्यांच्या जातीचेच हे पोलाद. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असते. नीट पाणी दिले तर ते वाकते आणि पुन्हा जागेवर येते, आणि लांब पात्याकडून आपल्याला हेच हवे असते. ईएन ९ चालते, परदेशी क्रमांकांचे १०६० किंवा ५१६० चालते. १०९५ सारखे जास्त कार्बनचे पोलाद सुरीला छान, पण अडीच फुटी पात्यासाठी त्याला पाणी देणारा फार कसलेला लागतो. तसा माणूस ओळखीचा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्टेनलेसची लांब तलवार मात्र घेऊच नका. यात्रेतल्या आणि तीर्थाच्या ठिकाणच्या दुकानांत चकाकणाऱ्या बहुतेक तलवारी एक तर स्वस्त स्टेनलेसच्या असतात, नाहीतर साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेल्या. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण पात्यांना वापरतात त्या जातीचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. लिंबाचा थेंब पात्यावर टाकून थोडा वेळ थांबा. कार्बनच्या पोलादावर करडा-काळा डाग उठतो, स्टेनलेसवर आणि मुलाम्यावर काही होत नाही. डाग नंतर घासून निघतो. विकणारा एवढेही करू देत नसेल तर पुढची बोलणी कशाला?

कमानपाट्याचे पोलाद म्हटले की आपल्याकडच्या पोरांना लगेच भंगारबाजार आठवतो. जुना पाटा आणायचा, गावातल्या लोहाराकडून ठोकून घ्यायचा, झाली तलवार. कोयता किंवा विळा करायला हे ठीक आहे. तलवारीला नको. तो पाटा वर्षानुवर्षे खड्ड्यांतून भार सोसत वाकला-सुटला आहे. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात, आणि तो नेमक्या कोणत्या पोलादाचा होता हेही कोणी सांगू शकत नाही. नवी पट्टी घ्या. किमतीत पडणारा फरक बाकीच्या मजुरीपुढे किरकोळ आहे.

आता पाण्याचे. आमच्याकडचे जुने लोहार अहिराणीत एवढेच म्हणायचे, "बठ्ठं पानीवर शे," म्हणजे सगळे पाण्यावर आहे. भट्टीवर उभे राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो. ईएन ४५ साधारण ८५० अंशांच्या पुढे तापवून तेलात विझवले की ते अतिशय कडक होते, पण त्या अवस्थेत ठिसूळही असते. दगडावर पडले तर मोडेल. मग ते पुन्हा ४०० ते ४५० अंशांच्या आसपास तापवून धरावे लागते, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. हे दुसरे तापवणे वगळले किंवा घाईने उरकले, तर पाते दिसायला तेच, पण पहिल्या आडव्या आघाताला दगा देणारे. याउलट काही कारागीर जोखीम नको म्हणून पाणी देतच नाहीत. ते पाते मोडणार नाही, पण वाकले की वाकलेलेच राहील आणि धार दोन दिवसांत बोथट होईल.

म्हणून कारागिराला कडकपणाचा आकडा विचारा. तलवारीसाठी रॉकवेल सी मापाने ४८ ते ५२ हा पट्टा मला योग्य वाटतो. ५८-६० असल्याचे कोणी अभिमानाने सांगितले तर समजा की त्याने सुरीचा हिशोब तलवारीला लावला. जळगाव, धुळे, कुठल्याही एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये रॉकवेलचे यंत्र असते. मुठीजवळ, पात्याच्या सपाट भागावर एक बारीक ठिपका उमटतो, बाकी काही बिघडत नाही. एका जागी मोजून थांबू नका. टोकाकडे आणि मध्येही मोजा, कारण लहान भट्टीत लांब पाते सगळीकडे सारखे तापत नाही आणि नेमका मधला किंवा टोकाचा भाग मऊ राहतो.

यंत्र नसेल तर नवी कानस घ्या आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, हलक्या हाताने एक-दोनदा ओढा. साध्या लोखंडावर कानस लगेच चावते आणि कीस निघतो. ठीक पाणी दिलेल्या पात्यावर ती अडखळत, कष्टाने थोडी चावते. अजिबात न चावता घसरत गेली तर पाते गरजेपेक्षा कडक आहे.

वाकवून बघण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. तुम्ही पट्टा फिरवता, त्यामुळे पाते लवचीक असले म्हणजे चांगले असे मनात बसलेले असते. विकणारेही पाते गोल वाकवून दाखवतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. त्यातून फक्त पाते पातळ आहे एवढे सिद्ध होते. पात्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठरपणा आठपट. पट्ट्याचे पाते लांब आणि पातळ ठेवतात, कारण त्याचे काम फेकीचे आहे. तलवारीने भोसकायचेही असते, आणि टोक लवत असेल तर कपड्याच्या दोन-तीन थरांतूनही ते आत जात नाही. तेव्हा किती वाकले हे बघू नका, सोडल्यावर सरळ झाले का ते बघा. डोळ्यांवर चष्मा लावा, आजूबाजूला कोणी नको, टोक लाकडी फळीवर टेकवा आणि मधला भाग चार-सहा बोटे बाजूला जाईल इतकाच दाब द्या. सोडल्यावर मुठीकडून एक डोळा मिटून पाठीची रेघ पाहा. ती आधीसारखीच असली पाहिजे. दुसऱ्या बाजूनेही करा.

यापुढचा भाग मुठीचा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

'फुल टँग' हा शब्द विकणाऱ्यांनी सुरीच्या बाजारातून उचलला आहे. पात्याचा जो भाग मुठीत जातो तो टँग. सुरीत तो मुठीच्या शेवटापर्यंत असावा हे बरोबर. पण आपल्या जुन्या तलवारीची मूठ लोखंडाची आणि आतून पोकळ असते, आणि कितीतरी अस्सल तलवारींत टँग त्या पोकळीत काही अंतरच आत गेलेला असतो. तो लाखेने पकडलेला असायचा. लाख आणि विटेची पूड यांचे मिश्रण गरम करून मुठीत भरत आणि तापवलेला टँग त्यात दाबून बसवत. गार झाले की घट्ट. लढाईत पाते खराब झाले तर मूठ तापवून पाते काढता यायचे आणि दुसरे बसवता यायचे. याच सोयीमुळे एकाच पात्याला पुढच्या पिढीत नवी मूठ चढलेली आपल्याला संग्रहालयांत दिसते. तेव्हा टँग मुठीच्या शेवटापर्यंत नाही एवढ्यावरून तलवार टाकाऊ ठरत नाही.

टँग रुंद आहे का, पात्याच्याच पोलादाचा एकसंध आहे का, आणि पात्यापासून तो निघतो तिथला कोपरा कसा आहे, हे खरे प्रश्न. बाजारातल्या शोभेच्या तलवारीत पाते मुठीपाशी कापतात आणि त्याला पेन्सिलीएवढी सळई वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पाणी उतरते, आणि घावाचा सगळा जोर नेमका तिथेच येतो. मुठीच्या तोंडाशी मोडलेली जी पाती मी म्हटली, त्यांतली बरीचशी या जोडाची. उरलेल्यांत टँगचा कोपरा काटकोनात कापलेला असतो आणि त्या कोपऱ्यातून चीर धावते. कोपरा गोलाई देऊन उतरवलेला हवा. मूठ चढवल्यावर यातले काहीच दिसत नाही, म्हणून मूठ बसवण्याआधीचा उघड्या टँगचा फोटो मागा. चांगला कारागीर तो आनंदाने देतो. त्याचे तेच तर खरे काम असते.

मुठीला लोहचुंबक लावा, लोखंडी असेल तर चिकटेल. नक्षीदार मुठी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रणाच्या किंवा पितळेच्या ओतीव असतात. ओतीव जस्ताची परज, म्हणजे हात वाचवणारा मुठीचा आडवा भाग, एका जोरदार फटक्यात तडकते. पितळ तितके वाईट नाही, पण ते मऊ असते आणि मूठ जड होते. लढाईच्या तलवारीला लोखंडी मूठच हवी. आजचे कारागीर लाखेऐवजी इपॉक्सी भरतात, त्याला माझी हरकत नाही. कोणी हौसेने लाखेची बांधणी मागितली तर आपल्या हवेचा विचार करा. लाख ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात भुसावळला उन्हात बंद उभ्या गाडीचा तापलेला पत्रा तिथपर्यंत जाऊ शकतो. अशी तलवार उन्हाळ्यात डिकीत ठेवायची नाही.

जोड घट्ट आहे का हे हाताला कळते. मूठ सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्यावर चापट मारा. पाते थरथरावे, पण मुठीत खुळखुळ नको.

जुन्या तलवारीची मूठ हातात घेतली की बहुतेकांना ती लहान वाटते. तिच्या टोकाची वाटी मनगटाला टोचते आणि लोक म्हणतात, पूर्वीच्यांचे हात लहान असतील. तसे नाही. ती मूठ घट्ट आवळून धरायची आहे, आणि वाटी मनगटाला अडवते ती मुद्दाम, म्हणजे घाव खांद्यातून आणि कोपरातून ओढून बसतो. नव्या कारागिरांनी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी मुठी लांब केल्या, आणि त्यात हात मागे-पुढे सरकतो. चार बोटे जेमतेम मावतील अशीच मूठ घ्या.

वजन विचारल्याशिवाय तलवार मागवू नका. जुन्या वक्र तलवारी साधारण ८०० ग्रॅम ते सव्वा किलोत असतात. नव्या बनवलेल्या तलवारी सर्रास दीड किलोच्या पुढे जातात, आणि लोकांना वाटते जड म्हणजे दमदार. कारण सोपे आहे: पाच-सहा मिलिमीटरची पट्टी कापली, कडेला धार काढली, काम संपले. जुने पाते मुठीपाशी ६-७ मिलिमीटर जाड असले तरी टोकाकडे येता येता दोन-तीनवर उतरते. हा उतार काढायला वेळ आणि हात लागतो, म्हणून तो स्वस्त मालात नसतो. व्हर्नियरने तीन जागी जाडी मोजा. सगळीकडे सारखी भरली तर तलवार टोकाकडे ओढेल, पहिला घाव जोरात जाईल आणि दुसऱ्यासाठी हात वेळेत परत येणार नाही. लढाईत दुसऱ्या घावाला उशीर करणारी तलवार मला तरी नको. तोल बोटावर तोलून बघा; मुठीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर आला तर छान.

आता कोणत्या घाटाची घ्यावी. तुम्ही वक्र तलवारच गृहीत धरली आहे, पण मराठ्यांच्या हातात सरळ, लांब पात्याची फिरंगही भरपूर होती. पाते पुष्कळदा युरोपातून आलेले, मूठ आपल्याकडची. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार परत आणली ती याच जातीची आहे: युरोपीय बनावटीचे सरळ एकधारी पाते आणि मुल्हेरी घाटाची मूठ. मुल्हेर म्हणजे आपल्याला लागूनच्या बागलाणातले. त्याच मुलखात, साल्हेरला, १६७२ साली मराठ्यांनी मोगलांशी उघड्या मैदानात झुंज दिली आणि ती जिंकली. घोड्यावरून लांब पल्ला हवा असेल तिथे फिरंगेचा उपयोग आहे, कारण तिने भोसकताही येते. पायी, गर्दीत, ढालीबरोबर वक्र तलवार जास्त कामाची. तुमचा सराव पायी आहे, तेव्हा मध्यम वाकाची, ७५ सेंटिमीटरच्या आसपास पात्याची तलवार घ्या. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन जुन्या तलवारी आधी नीट पाहा. काचेमागून का होईना, पाते टोकाकडे कसे निमुळते होते, धार पाठीपासून कशी उतरते, हे डोळ्यांत भरले की बाजारातली जाड पट्टी लांबूनच ओळखू येते.

धारेबद्दल एवढेच. वस्तऱ्यासारखी पातळ धार मागू नका. जुन्या पात्यांची धार दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर उतरते. तिच्यामागे पुरेसे पोलाद असते, म्हणून हाड किंवा चामडे लागले तरी ती दुमडत नाही. आणि दोन तलवारींच्या धारा एकमेकींवर आपटून ताकद दाखवतात, त्या प्रात्यक्षिकाला भुलू नका. घाव अडवायला ढाल होती. धार धारेवर आदळली तर कोणत्याही तलवारीला खाच पडणार. खाच पडली तर ती घासून काढता येते. चीर गेली तर तलवार संपली.

दमास्कसची नक्षी मला आवडते, पण लढाईच्या तलवारीत तिचे पैसे देऊ नका. आज जी मिळते ती बहुतेक दोन पोलादांचे थर भट्टीत जोडून, आम्लाने उठवलेली असते. थरांत एक जरी जोड कच्चा राहिला तरी लांब पात्यात तो उघडतो. तेलंगणात निजामाबादजवळच्या कोनासमुद्रमसारख्या गावांत पूर्वी मुशीत वितळवून जे पोलाद बनत होते, ते वेगळेच. त्याची नक्षी धातूच्या अंगातच असायची.

आपल्या भागात तलवारीची परीक्षा म्हणून केळीचे खांब कापतात. रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर बागेत खांब उभेच असतात, आणि एका घावात खांब आडवा झाला की माल खपतो. केळीच्या खांबात पाणीच पाणी असते. धार लावलेली कोणतीही पत्र्याची पट्टी तो कापते. त्यातून धार कळते, मारणाऱ्याचा कोन कळतो, पण पाते आणि जोड यांबद्दल काही कळत नाही. शिवाय केळीचा चीक पोलादावर काळे डाग पाडतो, म्हणून कापल्यानंतर लगेच पाते धुऊन कोरडे करा. मी जुनी चटई घट्ट गुंडाळून रात्रभर पाण्यात भिजवायला सांगतो, मध्ये ओल्या हिरव्या बांबूचा तुकडा घालून. असे वीस-पंचवीस घाव मारल्यावर पाते सरळ आहे, मूठ हललेली नाही, धार दुमडलेली नाही, तर मी त्या तलवारीला हो म्हणेन. नारळ, वाळके लाकूड, लोखंडी पाइप यांवर मारू नका.

कायद्याचा भाग टाळू नका, आणि तो तलवार मागवण्याआधी बघा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. सूट आहे ती घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या हत्यारांना. तलवार त्यात बसत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीरजवळ धुळे पोलिसांनी एका गाडीतून ८९ तलवारी पकडल्या होत्या, तेव्हापासून तरी आपल्याकडे कोणी "कोण विचारतो" असे म्हणू नये. कुरिअरने घरपोच आली म्हणून ती कायदेशीर होत नाही. विनाधार आहे म्हणून आपोआप सूट मिळते असेही धरू नका. आखाड्याच्या नावाने पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, परवाना लागत असेल तर घ्या, आणि जमावबंदीचे किंवा शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना ती घराबाहेर काढू नका.

परवानगीची वाट पाहत असताना लाकडी तलवारीवर हात चालू ठेवा. तलवार आली की म्यानातच ठेवून देऊ नका, कारण चामड्याचे म्यान पावसाळ्यात ओल धरते आणि पाते आतून गंजते. पाते बाहेर, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवा. त्याला शिवणयंत्राचे तेल लावा. शेंगदाण्याचे नको, ते काही दिवसांत चिकट होते. पैसे मर्यादित असतील तर मुठीवरची सोन्या-चांदीची नक्षी सोडा, म्यान साधे घ्या, आणि वाचलेले पैसे पात्याचा उतार काढणाऱ्या कारागिराला द्या. डेहराडून आणि मेरठकडचे मोठे कारखाने शोभेचा आणि कामाचा असा दोन्ही माल बनवतात, म्हणून मागणी नोंदवतानाच पोलाद, कडकपणाचा आकडा, वजन आणि तीन जागची जाडी लेखी मागून घ्या, आणि उघड्या टँगचा फोटो आल्यावरच उरलेली रक्कम पाठवा.